ताराबाईचं वार्षिक उत्पन्न

तहसील कचेरीतल्या मॅडमनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "ताराबाई, यातलं खरं कुठलं?"

एका कागदावर वर्षाचं उत्पन्न पंधरा लाख साठ हजार लिहिलेलं होतं. दुसऱ्यावर एक लाख अडतीस हजार सहाशे. दोन्हींखाली ताराबाईची सही होती, आणि सहीच्या वर ते नेहमीचं वाक्य, की ही माहिती खोटी निघाली तर मी शिक्षेला पात्र राहीन. दोन कागदांमध्ये सव्वा महिन्याचं अंतर होतं. दोन्हींवरचं अक्षर माझं होतं.

ताराबाईनं दाराकडं बघितलं. तिची मुलगी रोशनी भिंतीला टेकून उभी होती आणि खाली फरशीकडे बघत होती. तिच्या कॉलेजात फी माफीचे कागद देण्याची मुदत परवा संपत होती. दाराजवळ मासळी बाजारातल्या दोघी उभ्या होत्या, बेबी आणि तिची जाऊ. साक्षीदार म्हणून त्यांना आणलं होतं. कशाची साक्ष द्यायची हे त्यांना धड सांगितलेलं नव्हतं.

मॅडम तरुण होत्या, पण उतावळ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "पहिला कागद खोटा असेल तर तेव्हा तुम्ही सरकारला खोटं सांगितलं. दुसरा खोटा असेल तर आत्ता सांगताय. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

तहसील कचेरीसमोर टेबल टाकून मी एकतीस वर्षं फॉर्म भरले. गेल्या वर्षी टेबल बंद केलं, गुडघे आणि डोळे एकदमच गेले म्हणून. या अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं होतं, काहीतरी गमतीचं लिहा, तुमच्याकडे एकेक गिऱ्हाइकं आली असतील. आली. पण लिहायला बसले की मला ती खोलीच आठवते. तेव्हा तेच लिहिते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. राहते ठाकुर्लीला. नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि तो घरी बसला, तेव्हा मी कोरे फॉर्म विकायला ठाण्याला येऊन बसले. लोक फॉर्म घ्यायचे आणि तिथंच उभं राहून विचारायचे, यात काय लिहायचं. माझं अक्षर बरं होतं. विकता विकता भरायला लागले. फॉर्मची भाषा मला फॉर्मनीच शिकवली. 'सदर', 'उपरोक्त', 'सर्व मार्गांनी मिळणारे' हे शब्द मी शाळेत कधी वाचले नव्हते, नंतर झोपेतसुद्धा लिहू शकले असते. माझ्या हातचे कागद लावून बरीच मुलं इंजिनिअर झाली. पुढं त्यांतल्या एकानंही मला ओळख दाखवली नाही. दाखवावी असं काही नाही. फॉर्म भरणारीची ओळख कोण ठेवतं?

आता सगळं कॉम्प्युटरवर गेलं. तरी कागद काय काय लागतात, कुठला आधी काढायचा, तलाठ्याचा अहवाल म्हणजे काय, हे विचारायला लोक माझ्याकडेच यायचे. स्वयंघोषणापत्र मी हातानं लिहून द्यायची. माझं उत्पन्न इतकं इतकं आहे, असं माणसानं स्वतःच्या सहीनं सांगायचं, तो हा कागद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलाला कॉलेजात प्रवेश मिळाला की फी माफ करून घेता येते, कुणाची पूर्ण, कुणाची अर्धी. जातीप्रमाणे आणि कोर्सप्रमाणे नियम वेगळे. पण सगळ्यांना एक मर्यादा असते. घरातल्या सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न तिच्या आत पाहिजे. कुणाची अडीच लाख, कुणाची आठ लाख. हे उत्पन्न कचेरीच्या दाखल्यानं सिद्ध करायचं. पगारदाराचं सोपं असतं, पगाराचा कागद त्याच्या हातात असतो, तो इकडंतिकडं करू शकत नाही. रिक्षावाला, धुणीभांडीवाली, रंगारी, भाजीवाला यांच्याकडं कागद नसतो. ते तोंडानं सांगतात. तलाठ्याकडून चौकशी होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतात, आणि तोच आकडा पुढं जातो.

सुरुवातीची बरीच वर्षं मी गिऱ्हाइकाला किती कमावता असं विचारलंच नाही. मी मर्यादा सांगायची आणि विचारायची, "किती लिहू?" मग समोरचा माणूस बायकोकडं बघायचा, बायको छताकडं बघायची, आणि एक आकडा ठरायचा. गरीब माणसाचा खरा आकडा बहुतेक वेळा मर्यादेच्या खालीच असतो. थोडा वर गेला तर मी खाली आणायची. मला त्यात पाप वाटलं नाही.

एकदा आमच्याच चाळीतला एक रंगकाम करणारा माणूस मुलीला घेऊन आला. आमच्याच विहारात येणारी माणसं. मुलगी बारावी झालेली, संध्याकाळी घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या काउंटरला उभी राहायची. मी विचारलं, मुलीला किती मिळतात. बाप म्हणाला नऊ हजार. मुलगी म्हणाली, अठरा.

बापानं तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "नऊ घरी देते, नऊ बँकेत टाकते. फी भरायला."

बापानं माझ्याकडं प्यायला पाणी मागितलं. मी दिलं.

मग मी बेरीज केली. बापाची कमाई आणि मुलीची अठरा, वर्षाचं धरलं की अडीच लाखांच्या वर जात होतं. त्यांची मर्यादा अडीच लाखांचीच. म्हणजे फी भरता यावी म्हणून ती कमवत होती, आणि त्या कमाईमुळंच तिची माफी जात होती. मी तिची कमाई लिहिलीच नाही. ती आता वकिली करते, कल्याणच्या कोर्टात. मी केलं ते चूक की बरोबर हे तिला विचारायला हवं, पण ते लोक चाळ सोडून गेले, आमची गाठ पडत नाही.

हे सगळं चालू राहिलं असतं. मग तो टाइल्सवाला आला.

टाइल्सचं मोठं दुकान, घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहणारा. गाडी रस्त्यातच लावली, मागं बसचा हॉर्न चालू. त्याला मुलासाठी दाखला हवा होता. धंदा काय विचारलं तर म्हणाला मजुरी लिहा. त्याच्या हातात अंगठ्या होत्या तीन. मी म्हटलं, "मजुरी कशाची करता, दागिन्यांची?" त्याला हसू आलं. म्हणाला, "मावशी, सगळेच करतात. तुम्ही फक्त भरा, बाकी माझं मी बघतो." मी भरलं. पाऊण लाख लिहिलं. मला मिळाले नेहमीचेच पन्नास रुपये.

दोन वर्षांनी पडताळणी झाली. मुलाची माफी रद्द, मागची रक्कम परत भरा, असा कागद त्याला आला. तो माझ्या टेबलाशी आला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या बाईनं लिहिलं. मी काय, सही केली नुसती." मला आत बोलावलं गेलं. त्या वेळच्या साहेबांनी विचारलं, तुम्ही लोकांना खोटं लिहून देता का. मी नाही म्हटलं. पुढं पंधरा दिवस मला टेबल टाकू दिलं नाही. पंधरा दिवस घरात बसून मी विचार केला आणि एक नियम ठरवला. यापुढं आकडा गिऱ्हाइकाचा, माझा एकही नाही. मर्यादासुद्धा सांगायची नाही. मर्यादा सांगणं म्हणजे खोटं शिकवणं, असं माझ्या डोक्यात बसलं. माणसानं सांगायचं, मी लिहायचं, त्यानं सही करायची.

नियम ऐकायला चांगला वाटतो. मलाही वाटला होता.

त्यानंतर वर्षभरानं ताराबाई आली. कोलशेतची कोळीण, नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला, एकच मुलगी. मुलीला बी. फार्मसीला प्रवेश मिळाला होता, फी सव्वा लाखाच्या घरात. त्यांची मर्यादा आठ लाखांची. ताराबाई बाजार उरकून तशीच आली होती, हाताला मासळीचा वास, अंबाड्यात फुलं. मुलगी त्या दिवशी मार्कलिस्ट द्यायला कॉलेजात गेली होती. ती बरोबर असती तर पुढचं काही झालं नसतं.

मी विचारलं, रोज किती कमावता. ती म्हणाली, पाच हजार.

मी पेन थांबवलं. रोजचे का, असं पुन्हा विचारलं.

"रोजचेच. का गो बाय, कोळणीनं पाच हजार कमवू नय काय? इचार बाजारात, ताराबायचा धंदा केवढा हाय तो."

महिन्याचे दिवस किती, विचारलं. सव्वीस म्हणाली. मी गुणाकार केला. पंधरा लाख साठ हजार. मी तो तिला वाचून दाखवला. तिनं परत वाचायला लावला. मग ती हसली, अगदी मनापासून. म्हणाली, मालक असते तर त्यांना सांगितलं असतं. सही तिनं एकेक अक्षर दाबून केली, आणि मला वर दहा रुपये दिले.

मी स्वतः मासे खाते. रविवारी, बुधवारी आणि शुक्रवारी बाजारात काय गर्दी असते आणि सोमवारी, गुरुवारी, शनिवारी तिथं कसं सामसूम असतं, हे मला ठाऊक आहे. श्रावणात त्या बायका काय विकत असतील, हा विचार कुणालाही सुचेल. कोळीण मासे फुकट आणत नाही, धक्क्यावरून विकत आणते, हेही मला ठाऊक आहे. मला त्या क्षणी ते सगळं ठाऊक होतं. पण मी नियम केला होता. आणि त्या दिवशी रांग मोठी होती.

पुढं चौकशी झाली तेव्हा बाजारातल्या बायकांनाही विचारलं गेलं. बेबीनं सांगितलं, ताराचा धंदा मोठा आहे, चार-पाच हजारांच्या खाली नाही. बाजारात कुणीच कुणाचा धंदा लहान सांगत नाही. त्याला कारण आहे, ते मला नंतर कळलं. धक्क्यावरचा व्यापारी या बायकांना सकाळी माल देतो आणि पैसे संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घेतो. कुणाला किती माल द्यायचा हे तो त्या बाईच्या नावावर ठरवतो. जिचं नाव मोठं, तिच्या पाटीत पापलेट आणि सुरमई. जिचं लहान, तिला बोंबील आणि मांदेली, आणि तीही रोखीनं. म्हणून सगळ्या जणी मोठं सांगतात. वर्षानुवर्षं सांगतात. सांगता सांगता त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसतो.

दाखला आला. कॉलेजातल्या क्लार्कनं तो वाचला आणि रोशनीला परत दिला. आठ लाखांच्या वर आहे, तुला माफी नाही, पूर्ण फी भर, असं सांगितलं. ती सरळ माझ्या टेबलाशी आली. मी म्हटलं आता ही बोलणार. ती अजिबात चढ्या आवाजात बोलली नाही. दाखला माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "आजी, आई खरंच वर्षाला पंधरा लाख कमावते?"

मी म्हटलं, तिनंच सांगितलं.

"मग मला अकरावीला क्लास का नाही लावला तिनं?"

त्या मुलीला वाटत होतं की आईनं तिच्यापासून पैसे लपवले. दाखला हातात पडल्यापासून, दोन दिवस, ती आईशी बोलली नव्हती. आईला वाटत होतं, पोरगी कॉलेजात जाऊन शिष्ट झाली. दोघी एका खोलीत राहत होत्या आणि मध्ये तो आकडा होता.

मी त्या रविवारी दुपारी कोलशेतला गेले. असं मी कुणाच्या घरी कधी गेले नव्हते. खाडीच्या बाजूला जुन्या घरांची ओळ आहे, मागं मोठ्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. ताराबाई नुकतीच बाजारातून आली होती आणि पाय धूत होती. मला बघून म्हणाली, लिवणारी बाय घरा आली, म्हणजे काय तरी बिघडला. मी म्हटलं, बिघडलंय. बसा, आपण पुन्हा मांडू.

फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी पाच हजार लिहिलं. मग विचारलं, आज माल किती रुपयांचा घेतला. तीन हजार चारशे. बर्फ? दीडशे. टेम्पो? चौघी मिळून करतात, तिच्या वाट्याला अडीचशे. बसायच्या जागेचे पन्नास. पिशव्यांचे पन्नास. मासे साफ करायला हाताखाली एक बाई असते, तिचे दोनशे. मी एकेक वजा करत गेले. रोशनी उंबऱ्यावर बसून ऐकत होती. शेवटी नऊशे उरले.

ताराबाई म्हणाली, "नवशे काय? दिवसाचे?"

मी म्हटलं, हे आजचे, रविवारचे. मग सोमवारचं विचारलं. सोमवारी दोनशे सुटतात, कधी तेही नाही. गुरुवारी तसंच. शनिवारी तसंच. बुधवार आणि शुक्रवार रविवारसारखेच, मंगळवारी ती बाजारात जातच नाही. मग श्रावण, गणपती, नवरात्र धरून वर्षाचे दहा आठवडे गेले. मी आठवड्याचे तीन हजार तीनशे धरले आणि बेचाळीसनं गुणलं. एक लाख अडतीस हजार सहाशे.

ताराबाईनं कागद हातात घेतला. तिला सही येते, वाचता फारसं येत नाही, पण आकडे येतात. एकेका आकड्यावर ती बोट ठेवत गेली. बाहेर कुणाच्या तरी घरी टीव्ही मोठ्यानं चालू होता.

"मंग मी येवढी वर्सं पहाटे तीनला उठून करते तरी काय?" ती म्हणाली.

रोशनी उठली आणि आईच्या शेजारी जाऊन बसली. त्यांच्यातला अबोला त्या दिवशी मिटला, एवढं खरं. पण त्या बाईला मी त्या दुपारी जे दाखवलं, ते तिनं मागितलं नव्हतं. फॉर्मसाठी ते लागत होतं, म्हणून मी काढून दिलं.

दाखला दुरुस्त करायचा तर नवीन घोषणापत्र लागतं, नवीन चौकशी लागते, आणि आधी वेगळं का सांगितलं याचा खुलासा समक्ष द्यावा लागतो. शेजारच्या दोघांचे जबाब लागतात. ताराबाईनं बेबीला आणि तिच्या जावेला आणलं, कारण पहिल्या वेळी जबाब त्यांचाच होता. त्यांना तिनं एवढंच सांगितलं होतं की एक सही करायचीय, परत येताना वडापाव खाऊ.

आणि आता मॅडम विचारत होत्या, यातलं खरं कुठलं.

ताराबाईला काय जड जात होतं हे खोलीत मला एकटीलाच कळत होतं. शिक्षेची भीती तिला नव्हती. तिला दारातल्या त्या दोघींच्या समोर बोलायचं होतं. ती गप्प राहिली असती तर रोशनीची फी गेली असती. सव्वा लाख तिच्याकडं नव्हते, आणि मुलीचं शिक्षण तिथंच संपलं असतं. बोलली असती तर बाजारातलं तिचं नाव गेलं असतं.

ती बोलली. "दुसरा खरा."

"मग पहिला?"

"तो पन माझाच हाय. मी सांगला तसा लिवला. तवा मना वाटत होता का तेवढा हाय."

मॅडमनी विचारलं, एवढा फरक कसा पडला. तेव्हा ताराबाईनं सगळं सांगितलं. माल किती, बर्फ किती, टेम्पो किती, हाताखालच्या बाईला किती. रविवारचे नऊशे आणि सोमवारचे दोनशे. तिनं ते त्या कागदाकडं न बघता सांगितलं, पाठ झालं होतं. बेबीनं पदर तोंडाला लावला. मॅडमनी माझ्याकडं बघून विचारलं, "लिहिणाऱ्या तुम्हीच ना? तुम्ही तिला विचारलं नाही, खर्च जाऊन किती उरतात?"

मी येतानाच ठरवून आले होते की चूक माझी आहे असं सांगायचं. मर्यादा सांगितली नाही, खर्च विचारला नाही, माझ्या नियमामुळं झालं. ओठावर आलं होतं. पण मागच्या वेळी पंधरा दिवस टेबल गेलं होतं. आता कायमचं जाईल, असा विचार मनात आला आणि मी थांबले. तेवढ्यात ताराबाईच म्हणाली, "तिची चुकी नाय. लिवणारीला काय ठाव आमच्या धंद्याचा?"

मला ठाऊक होतं. मी गप्प राहिले.

मॅडमनी दोघींचे नवे जबाब घेतले. बेबी आधी कुरकुरली, मागं चार-पाच हजार सांगितलं होतं, आता कसं बदलू. मॅडम तिला म्हणाल्या, तुमच्या स्वतःच्या हातात किती उरतात ते सांगा, मग ताराबाईंचं सांगा. बेबीनं सही केली. दाखला दुसऱ्या दिवशी मिळाला, मुदतीच्या आदल्या दिवशी. रोशनीची फी माफ झाली.

कचेरीच्या जिन्यात बेबी ताराबाईला म्हणाली, "येवढी वर्सं आमच्यासमोर नाक वर करून बसत होतीस, आनि घरा नेत होतीस नवशे?" ताराबाई म्हणाली, "तू किती नेतेस, ते तरी सांग." बेबीनं सांगितलं नाही. वडापाव कुणीच खाल्ला नाही.

आठ दिवसांत ती गोष्ट धक्क्यापर्यंत गेली. व्यापारी ताराबाईला म्हणाला, आता जमेल तेवढा माल रोखीनं घ्या ताई, पोरीचं शिक्षण चालू आहे, उगाच अंगावर नको. तो वाईट बोलला नाही. पण रोखीनं घ्यायला तिच्याकडं साडेतीन हजार कुठून येणार? ती लहान पाटी घ्यायला लागली. पापलेट गेलं, सुरमई गेली. टेम्पोतल्या बाकीच्या तिघींनी तिला वगळून दुसरी कोळीण घेतली. हाताखालच्या बाईला सोडावं लागलं. मासे आता ती स्वतःच साफ करते.

पुढच्या वर्षी ती पुन्हा दाखल्यासाठी माझ्या टेबलाशी आली. मी तिला पहिल्यांदा मर्यादा सांगितली, मग खर्च विचारायला लागले. तिनं पिशवीतून वहीचं पान काढलं. सगळं मांडून आणलं होतं, माल, बर्फ, पिशव्या, सणाचे आठवडे वजा करून. खाली एकोणऐंशी हजार आलं होतं.

मी म्हटलं, ताराबाई, मागच्या वर्षी मॅडमसमोर मी बोलायला हवं होतं.

"बोलली असतीस तर?" ती म्हणाली. "माझा बाजार काय परत आला असता? लिव तू. मांगं रांग हाय."

मी लिहिलं. तिनं सही केली, या वेळी पटकन. पन्नास रुपये मी घेतले नाहीत, तिनं टेबलावर ठेवले आणि गेली.

त्यानंतर मी नियम बदलला. मर्यादा सांगायची, धंदेवाल्याला खर्च विचारायचा, आणि उरलेलं लिहायचं. त्याला वेळ जास्त लागतो, रांगेतली माणसं शिव्या देतात. टेबल बंद करेपर्यंत मी तसंच करत राहिले. पण असं तीस वर्षं आधीपासून केलं असतं तर, हा विचार आता घरी बसून करण्यात अर्थ नाही.

रोशनी शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता, एका औषध कंपनीत नोकरीचं बोलणं चाललंय म्हणाली. आई कशी आहे विचारलं. बरी आहे म्हणाली, पहाटे बाजाराला जाते, हल्ली घरी फारसं बोलत नाही.

मॅडमची बदली झाली. बेबी त्याच जागी बसते आणि धंदा विचारला तर पाच हजार सांगते. मी ठाकुर्लीला माझ्या घरी आहे, माझं काही गेलं नाही. हे सगळं जिच्यावरून गेलं तिचं नाव ताराबाई, वय त्रेपन्न, राहणार कोलशेत, व्यवसाय मासेविक्री.